कामगार संघटनेचा चांगला नेता कसा ओळखावा

व्यवस्थापकाला त्याचे पद कंपनी देते आणि पदाबरोबर अधिकारही देते. तो एखाद्याला कामावर घेऊ शकतो, बढती देऊ शकतो, रजा नाकारू शकतो, नोटीस बजावू शकतो. कामगार संघटनेच्या नेत्याला यांपैकी काहीच करता येत नाही. पगारवाढ त्याच्या खिशात नसते, कोणाची नोकरी त्याच्या हातात नसते, आणि आज त्याच्यामागे उभे असलेले सभासद उद्या घरी बसून राहिले तर त्यांना बाहेर काढण्याचे कोणतेही साधन त्याच्याजवळ नसते. तरीही शेकडो, कधी हजारो कुटुंबांचे पोट ज्या वाटाघाटींवर अवलंबून असते, तेथे त्यांच्या वतीने बोलतो तो हाच माणूस, किंवा हीच बाई. स्वतःचा अधिकार नसलेली व्यक्ती एवढी जबाबदारी कशाच्या बळावर पेलते, हे नीट समजले की चांगले नेतृत्व कोणते आणि वाईट कोणते हेही बरेचसे उलगडते.

ते बळ सभासदांकडून उसने घेतलेले असते. एकटा कामगार पगारवाढ मागायला गेला तर मालकासमोर दोनच पर्याय असतात, देणे किंवा नाकारणे, आणि नाकारल्याने मालकाचे फारसे बिघडत नाही. सगळा विभाग एकत्र गेला तर नाकारण्याची किंमत वाढते. सामूहिक वाटाघाटी म्हणतात त्या मुळात एवढ्याच. हा हक्क जगाने सहज मान्य केलेला नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची स्थापना १९१९ साली झाली, पण संघटना करण्याच्या स्वातंत्र्याविषयीचा तिचा ८७ क्रमांकाचा करार १९४८ सालचा आणि सामूहिक वाटाघाटींविषयीचा ९८ क्रमांकाचा करार १९४९ सालचा आहे. कायद्यात हक्क असला तरी कारखान्यात तो आपोआप अवतरत नाही. तो वापरायला माणसे एकत्र यावी लागतात, आणि माणसे एकत्र राहतात ती विश्वासावर.

म्हणून मला मांडायचे आहे ते असे. आपल्यामागे नेमकी किती ताकद आहे याचा चांगला नेता खरा हिशेब ठेवतो, आणि तो हिशेब गोड असो वा कडू, सभासदांना जसाच्या तसा सांगतो. वक्तृत्व, धाडस, कायद्याची जाण, ओळखीपाळखी हे सगळे उपयोगी आहे. परंतु ही एक सवय नसेल तर हेच गुण सभासदांना खड्ड्यात नेऊ शकतात.

रोजचे काम

बाहेरच्यांना कामगार नेता दिसतो तो सभेत किंवा मोर्चाच्या पुढे. त्याचे बरेचसे आयुष्य मात्र एकेका माणसाच्या तक्रारीत जाते. कोणाचा ओव्हरटाइम चुकीचा लागला, कोणाला चार्जशीट मिळाली, कोणाची पाळी मुद्दाम बदलली, कोणाला आजारपणाची रजा असताना गैरहजर दाखवले. सभासदाला संघटना खरी भेटते ती येथेच. वर्षानुवर्षे वर्गणी भरणाऱ्या माणसाला आपल्या अडचणीच्या दिवशी कोणी धावून आले की नाही, हे तो कधीच विसरत नाही.

या कामाची एक पद्धत असते आणि ती शिकता येते. आलेल्या माणसाचे आधी पूर्ण ऐकून घ्यावे, मध्ये सल्ला देऊ नये. मग काय घडले, केव्हा, कोठे, कोणासमोर, आधी असे कधी झाले होते का, आणि लेखी काय आहे, हे विचारून कागदावर उतरवावे. त्यानंतर करार, कायदा, स्थायी आदेश (म्हणजे कारखान्याचे लेखी सेवानियम) किंवा आजवरची प्रथा यांपैकी कशाचा भंग झाला आहे ते शोधावे. वरिष्ठ उद्धटपणे बोलला ही तक्रार खरी असू शकते, पण ती जिंकायची तर त्या बोलण्याने कोणता नियम मोडला हे दाखवावे लागते. ज्या नेत्याच्या कपाटात तारीखवार लावलेल्या फायली आहेत, तो आवाज न चढवताही ऐकला जातो, कारण त्याच्या तोंडचा प्रत्येक दाखला खरा निघतो हे समोरच्याला अनुभवाने ठाऊक झालेले असते.

सगळ्यांत अवघड प्रसंग येतो तो माणूस स्वतःच चुकलेला असतो तेव्हा. त्याला बरे वाटावे म्हणून ‘काळजी करू नकोस, मी बघतो’ असे म्हणून पाठवणे सोपे असते. चांगला नेता त्याला बाजूला घेऊन सांगतो की तुझी बाजू लंगडी आहे, नोकरी वाचवता येईल पण शिक्षा टळणार नाही, आणि ती कमी व्हावी म्हणून आपण काय मांडू शकतो ते असे असे आहे. त्या दिवशी तो माणूस नाराज होतो. पण त्याच नेत्याने उद्या दुसऱ्या कोणाला ‘तुझ्यावर अन्याय झाला आहे, आपण लढू’ असे म्हटले, तर त्या शब्दाला वजन येते.

आवडत्या माणसासाठी कोणीही भांडतो. नेत्याची कसोटी नावडत्या सभासदाच्या वेळी लागते. ज्याने निवडणुकीत विरोधी मत दिले, जो वेगळ्या समाजाचा आहे, ज्याच्याविषयी सगळे कुरकुरतात, त्याची फाइलही तितक्याच काळजीने तयार होते का? हा प्रश्न न्यायालयांपर्यंतही गेलेला आहे. अमेरिकेत रेल्वेच्या इंजिनांवर काम करणाऱ्या फायरमनांच्या संघटनेने कृष्णवर्णीय कामगारांना सभासदत्व नाकारले होते आणि तरीही त्यांच्या नोकऱ्यांवर गदा आणणारा करार त्यांच्या वतीने केला होता. १९४४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जी संघटना सर्वांच्या वतीने करार करण्याचा हक्क घेते, तिला सर्वांचे हित प्रामाणिकपणे आणि भेदभाव न करता पाहावे लागेल. कायद्याने सांगावे लागले हे दुःखाचेच. पण संघटना म्हणजे मित्रमंडळ नव्हे, हे यापेक्षा स्पष्टपणे कोणी सांगितलेले माझ्या तरी माहितीत नाही.

ताकद मोजणे

सभेतल्या टाळ्या हे ताकदीचे माप धरणे ही नेत्यांची जुनी चूक आहे. टाळी वाजवायला काही लागत नाही. सभेला तीनशे माणसे आली आणि घोषणांनी आवार दणाणले, तरी न आलेली सातशे माणसे काय विचार करतात हे त्यातून कळत नाही, आणि लढ्याचा निकाल बहुधा त्या सातशेंवर ठरतो.

मोजणी करायची ती विभागवार आणि पाळीवार, एकेका माणसाशी बोलून. कोण पक्का आहे, कोण कुंपणावर आहे, कोण घाबरलेला आहे आणि का, कोणाच्या डोक्यावर कर्ज आहे, कोणाच्या घरी आजारपण आहे. प्रत्येक विभागात एक-दोन माणसे अशी असतात की इतर लोक अडचणीत त्यांच्याकडे जातात. ती बहुधा मोठ्याने बोलणारी नसतात. पुष्कळदा कामात वाकबगार असलेली, शांत, वयाने थोडी वडील अशी असतात. ती पटली तर विभाग पटतो. अनुभवी संघटक मोठ्या लढ्याआधी छोट्या कृती करून पाहतात, त्या याचसाठी. नावानिशी सह्यांचे निवेदन, एका ठरलेल्या दिवशी सर्वांनी छातीवर बिल्ला लावणे, जेवणाच्या सुट्टीत एकत्र जाऊन अधिकाऱ्याला भेटणे. निवेदनावर निम्म्याच सह्या झाल्या, तर संपाची भाषा बोलण्याची वेळ आलेली नाही हे नेत्याला कळते आणि कोणाचेही नुकसान न होता कळते. ज्या विभागात सह्या कमी पडल्या तेथे पुन्हा जाऊन बोलायचे, भीती कशाची आहे ते समजून घ्यायचे, हे पुढचे काम असते.

मोजणीचा दुसरा भाग मागणीविषयीचा असतो. १९१८ सालच्या अहमदाबादच्या गिरणी लढ्याचे उदाहरण यासाठी अभ्यासण्यासारखे आहे. प्लेगच्या साथीत दिलेला बोनस मालकांनी काढून घेतल्यावर कामगारांची मागणी ५० टक्के वाढीची होती आणि मालक २० टक्क्यांवर अडले होते. अनसूया साराभाई आणि महात्मा गांधी यांनी महागाई आणि इतर ठिकाणची मजुरी यांची चौकशी करून ३५ टक्के हा आकडा ठरवला, कामगारांना तो पटवून दिला, आणि एकदा ठरल्यावर त्यापेक्षा कमी घ्यायचे नाही अशी प्रतिज्ञा घेतली. अनसूयाबेन ज्यांच्या विरोधात उभ्या होत्या त्या मालकांचे पुढारी त्यांचे सख्खे भाऊ अंबालाल होते. शेवटी प्रकरण लवादाकडे गेले आणि लवादाने ३५ टक्केच मान्य केले. स्वतःच्याच माणसांची मागणी ५० वरून ३५ वर आणायला धैर्य लागते. पण तो आकडा हिशेबातून आलेला असल्यामुळे त्यावर शेवटपर्यंत टिकून राहता आले.

संप करायचा की नाही

संपाविषयी बोलताना भावना लवकर पेटतात, म्हणून आधी साधे गणित पाहू. एक महिना संप चालला तर एका महिन्याचा पगार बुडतो. त्यातून ५ टक्के वाढ मिळाली, तर दर महिन्याला जुन्या पगाराचा विसावा हिस्सा जास्त मिळू लागतो, म्हणजे बुडालेला पगार भरून यायला २० महिने लागतात. संप तीन महिने चालला तर पाच वर्षे. याचा अर्थ संप करू नये असा मुळीच नाही. काढून टाकलेला सहकारी परत घेणे, कामावरची सुरक्षा, माणूस म्हणून वागवले जाणे या गोष्टी अशा गणितात बसत नाहीत, आणि कित्येकदा आज न लढल्याची किंमत पुढच्या दहा वर्षांत चुकवावी लागते. अर्थ एवढाच की हे गणित सभासदांसमोर फळ्यावर मांडल्यानंतर त्यांनी निर्णय घ्यावा. मालकाकडे किती दिवसांचा तयार माल पडून आहे, मागणीचा हंगाम कोणता, तेच उत्पादन दुसरीकडून करून घेणे त्याला शक्य आहे का, संपनिधीत किती पैसे आहेत, हेही त्याच फळ्यावर यायला हवे.

मुंबईतला १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप आठवला की या प्रश्नांचे महत्त्व कळते. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. कामगारांनीच दत्ता सामंत यांना नेतृत्व घेण्यासाठी गळ घातली होती, कारण इतर उद्योगांत त्यांनी भरघोस पगारवाढी मिळवून दिल्या होत्या. परंतु नफ्यात चालणारा अभियांत्रिकी कारखाना आणि यंत्रमागांच्या स्पर्धेने पोखरलेला गिरणीधंदा यांत फरक होता. शिवाय वाटाघाटींचा कायदेशीर हक्क दुसऱ्याच, मान्यताप्राप्त संघटनेकडे होता. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि एक लाखाहून अधिक कामगारांना परत कामावर जाता आले नाही. या शोकांतिकेचे खापर एका माणसावर फोडणे अन्यायाचे होईल. मालक, सरकार आणि कायदा यांचा वाटा त्यात मोठा होता. तरी संप सुरू करण्याआधीच तो कसा संपवायचा, आणि पूर्ण जिंकता आले नाही तर शिस्तीने माघार कशी घ्यायची, याचा आराखडा नेत्याच्या मनात असावा हे त्यातून शिकावेच लागते.

ब्रिटनमधल्या खाणकामगारांचा १९८४-८५ चा संप दुसरी गोष्ट शिकवतो. खाणी बंद करण्याच्या सरकारच्या धोरणाविरुद्ध तो होता आणि त्यामागचे कारण न्याय्य होते. पण संघटनेच्या नेतृत्वाने राष्ट्रीय पातळीवर सभासदांचे मतदान घेतले नाही. नॉटिंगहॅमशायरमधले बहुसंख्य खाणकामगार ‘आम्हाला कोणी विचारले नाही’ असे म्हणत कामावर जात राहिले, पोलीस आणि संपकरी यांच्यात चकमकी झाल्या, आणि जवळजवळ वर्षभरानंतर, ३ मार्च १९८५ रोजी, प्रतिनिधींनी ९८ विरुद्ध ९१ मतांनी कोणताही करार न होता कामावर परतण्याचे ठरवले. सरकारने कोळशाचे मोठे साठे आधीच करून ठेवले होते, त्यामुळे मतदान घेतले असते तर संप जिंकला असता असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मात्र मतदान हा केवळ उपचार नसतो. ज्याने स्वतः मत दिले आहे तो हरलेल्या बाजूचा असला तरी निर्णयाला बांधलेला असतो. ज्याला विचारलेच नाही त्याला बांधणारे काही उरत नाही.

कधीकधी संप न करण्याचा निर्णय अधिक महाग पडतो, आणि तोही नेत्यालाच सोसावा लागतो. अमेरिकेतल्या पुलमन कंपनीच्या शयनयान डब्यांमध्ये काम करणाऱ्या कृष्णवर्णीय पोर्टरांनी १९२५ साली संघटना उभारली तेव्हा ए. फिलिप रँडॉल्फ यांना नेता निवडले. ते पुलमनचे नोकर नव्हते, म्हणून कंपनी त्यांना काढून टाकू शकत नव्हती. १९२८ साली संपाची हाक देऊन झाली होती. पण सरकारी मध्यस्थ मंडळ लक्ष घालणार नाही आणि कंपनी संप मोडून काढेल हे दिसल्यावर रँडॉल्फ यांनी तो ऐन वेळी रद्द केला. त्यांच्यावर टीकेची झोड उठली, सभासद झपाट्याने घटले, संघटनेची तिजोरी रिकामी झाली. ते टिकून राहिले. १९३४ मध्ये रेल्वे कामगार कायदा सुधारला गेला, १९३५ मध्ये संघटनेने प्रतिनिधित्वाची निवडणूक जिंकली आणि ऑगस्ट १९३७ मध्ये कंपनीने करारावर सही केली. महिन्याला ४०० तास चालणारे काम २४० तासांवर आले. बारा वर्षे लागली. १९२८ साली अभिमानापोटी संप रेटला असता, तर १९३७ साली सही करायला संघटना शिल्लक राहिली नसती असे मला वाटते.

वाटाघाटींच्या टेबलावर

टेबलावर बसण्याआधीच निम्मे काम झालेले असते. मागणीपत्र नेत्याने एकट्याने लिहिलेले नसते, ते विभागवार चर्चेतून आलेले असते. कोणत्या मागण्या सोडता येतील, कोणत्या नाही, आणि कोठे अडले तर सभासदांकडे परत यायचे, हे आधी ठरलेले असते. कंपनीचे ताळेबंद वाचलेले असतात. सगळ्या नेत्यांना हिशेबतपासनीस व्हायची गरज नाही, पण नफा आणि रोख शिल्लक यांतला फरक कळायलाच हवा, आणि न कळला तर जाणकाराला विचारण्याची लाज वाटता कामा नये.

एक उदाहरण घेऊ. व्यवस्थापन म्हणते, वर्षाच्या पगाराच्या १० टक्के एवढी रक्कम आम्ही एकदाच, लगेच, हातात देतो; किंवा मासिक पगारात ४ टक्के कायमची वाढ देतो. करार तीन वर्षांचा आहे. सभासदांना पहिला प्रस्ताव आकर्षक वाटणे साहजिक आहे, कारण पैसे आज मिळतात. पण ४ टक्क्यांची वाढ तीन वर्षांत एका वर्षाच्या पगाराच्या १२ टक्के होते, करार संपल्यावरही राहते, आणि पुढच्या कराराची सुरुवात त्या वाढलेल्या पगारापासून होते. एकरकमी पैसे खर्च झाले की संपले. त्याचप्रमाणे वाढ टक्क्यांत घ्यायची की सर्वांना समान रकमेत, हाही प्रश्न दिसतो तितका साधा नसतो: १० टक्के घेतली तर १०० मिळवणाऱ्याला १० आणि ४० मिळवणाऱ्याला ४ मिळतात, आणि दर कराराला अंतर वाढत जाते. हे सगळे घरी जाऊन आपल्या जोडीदाराला समजावता येईल इतक्या सोप्या शब्दांत सभासदाला सांगणे, हे नेत्याचे फार मोठे काम आहे. मोठी सभा गाजवणारे पुष्कळ मिळतात, असे समजावणारे कमी.

टेबलावर नेत्याचे भांडवल म्हणजे त्याचा शब्द. पाळता न येणारी धमकी त्याने एकदा दिली आणि ती फुसकी निघाली, की पुढच्या सगळ्या इशाऱ्यांची किंमत शून्य होते. कबूल केलेली गोष्ट सभासदांना पटवता आली नाही, तरी तेच होते. व्यवस्थापनाशी सभ्यपणे वागणे म्हणजे त्यांना विकले जाणे नव्हे, आणि शिव्या देणे म्हणजे लढाऊपणा नव्हे. मात्र एकट्याने, बंद दाराआड, नोंद न ठेवता भेटणे कटाक्षाने टाळावे. माणूस कितीही प्रामाणिक असो, अशा भेटीनंतर उठलेला संशय पुसता येत नाही.

या बाबतीत पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्यात ऑगस्ट १९८० मध्ये जे घडले ते मला फार मोलाचे वाटते. आना वालेंतिनोविच या क्रेनचालक कामगार बाईंना निवृत्तीला काही महिनेच उरले असताना काढून टाकण्यात आले आणि १४ ऑगस्टला संप सुरू झाला. दोनच दिवसांत व्यवस्थापनाने पगारवाढ आणि त्यांना परत घेणे मान्य केले, आणि संपाचे नेते लेख वालेन्सा यांनी संप संपल्याचे जाहीर केले. कामगार फाटकाकडे निघाले. पण त्यांच्या पाठिंब्यासाठी संपावर उतरलेल्या लहान कारखान्यांतल्या कामगारांच्या हाती काहीच पडले नव्हते. मोठ्या कारखान्याने माघार घेतली की त्यांना चिरडले जाणार हे उघड होते. तेव्हा वालेंतिनोविच, कारखान्यातल्या परिचारिका अलिना पिएनकोव्हस्का आणि इतर काही स्त्रिया फाटकांवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी निघालेल्या माणसांना थांबवले. वालेन्सा यांनी आपला निर्णय चुकल्याचे ओळखून तो फिरवला. संप पुढे चालला, २१ मागण्या लिहिल्या गेल्या, आणि सरकारी प्रतिनिधींबरोबरच्या वाटाघाटी ध्वनिक्षेपकांवरून कारखान्याच्या आवारात थेट ऐकवल्या गेल्या. बाहेर थांबलेल्या हजारो कामगारांना आपला नेता आत काय बोलतो हे शब्दन्‌शब्द ऐकू येत होते. ३१ ऑगस्टला करार झाला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या ‘सॉलिडॅरिटी’ या संघटनेची सभासदसंख्या वर्षभरात सुमारे एक कोटीवर गेली. नेत्याने चूक केली, सभासदांनी ती दाखवली, नेत्याने ती भर लोकांत सुधारली. चूक न करणारा नेता शोधत बसण्यापेक्षा अशी दुरुस्ती जेथे होऊ शकते ती संघटना शोधावी.

फाटकाबाहेरची माणसे

ग्दान्स्कच्या त्या स्त्रियांनी विचारलेला प्रश्न आजही प्रत्येक संघटनेपुढे आहे: आमच्यात कोण मोडतो आणि कोण मोडत नाही? कायम कामगारांची संघटना मजबूत, आणि शेजारच्याच यंत्रावर निम्म्या पगारात राबणारा कंत्राटी कामगार कोणाचाच नाही, हे दृश्य जगभर दिसते. त्याहून वाईट म्हणजे असे करार, ज्यांत जुन्यांचे पगार राखण्यासाठी नव्याने येणाऱ्यांना कमी पगार कबूल केला जातो. जे अजून नोकरीला लागलेलेच नाहीत त्यांना मत नसते, म्हणून असा करार मंजूर करून घेणे सोपे जाते. काही वर्षांनी तेच नवे लोक बहुसंख्य होतात आणि संघटनेने आपल्याला विकले हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

मालक कामगारांना एकमेकांविरुद्ध वापरू शकतो तोवर कोणाचीच बाजू भक्कम नसते. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षमळ्यांवर हेच वर्षानुवर्षे चालले होते, फिलिपिनो मजुरांनी काम थांबवले की मेक्सिकन मजूर आणायचे आणि उलट. सप्टेंबर १९६५ मध्ये लॅरी इटलिओंग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी डिलेनो येथे संप सुरू केला, तेव्हा सीझर चावेझ आणि डोलोरेस वेर्टा यांची बहुतांशी मेक्सिकन मजुरांची संघटना सुमारे आठवड्याभराने मतदान करून त्यात सामील झाली. पुढच्या वर्षी दोन्ही संघटना एक झाल्या आणि १९७० साली मोठ्या मळेवाल्यांनी करार केले. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ साली ‘सेवा’ या स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेची नोंदणी करायला घेतली तेव्हा तर अडचण अशी आली की फेरीवाल्या आणि घरी बसून काम करणाऱ्या बायकांचा मालक कोण हेच दाखवता येत नव्हते, आणि मालक नाही तर कामगार संघटना कशी, असे अधिकारी विचारत होते. संघटना कोणाच्या विरोधात आहे यापेक्षा ती कोणाला एकत्र आणते हे महत्त्वाचे, असे उत्तर त्यांनी दिले आणि नोंदणी मिळवली.

पैसा आणि खुर्ची

पैशांबाबत फार लिहायची गरज नाही, कारण नियम सर्वांना माहीत आहेत: प्रत्येक वर्गणीची पावती, दोन सह्यांशिवाय पैसे न काढणे, दरवर्षी तपासलेले हिशेब सभेत वाचणे, आणि कोणाही सभासदाला वह्या पाहू देणे. न पाळण्याचे परिणाम किती मोठे असतात ते जिमी हॉफा यांच्या उदाहरणात दिसते. जानेवारी १९६४ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या चार लाखांहून अधिक मालवाहतूक कामगारांना एका राष्ट्रीय कराराखाली आणले. वाटाघाटी करणारा म्हणून ते असामान्य होते. त्याच वर्षी ज्यूरीवर दबाव आणल्याबद्दल आणि निवृत्तिवेतन निधीच्या कर्जांतील फसवणुकीबद्दल त्यांना दोन वेगवेगळ्या खटल्यांत दोषी ठरवण्यात आले. ‘खातो, पण मिळवूनही देतो’ असे ज्या नेत्याबद्दल सभासद म्हणू लागतात, तो खातो ते त्यांच्याच म्हातारपणाचे पैसे असतात.

खुर्चीचा मोह पैशांच्या मोहापेक्षा सूक्ष्म असतो. जर्मनीतले समाजवादी आणि कामगार संघटना यांचा अभ्यास करून रॉबर्ट मिशेल्स या समाजशास्त्रज्ञाने १९११ साली असे मांडले होते की लोकशाहीसाठी उभ्या राहिलेल्या संघटनांतही सत्ता हळूहळू मूठभरांच्या हाती जाते. त्यासाठी कोणी दुष्ट असावे लागत नाही. एकाच माणसाला करार पाठ असतात, अधिकारी त्यालाच ओळखतात, फायली त्याच्याकडे असतात, यंत्रावरच्या कामाची त्याची सवय सुटलेली असते, आणि सभासदांनाही सगळे त्याच्यावर सोपवून मोकळे व्हायची सवय लागलेली असते. ‘माझ्याशिवाय चालणार नाही’ हे तेव्हा खरेही असते, आणि तीच संघटनेची सर्वांत मोठी दुर्बलता असते. उद्या तो आजारी पडला, विकला गेला किंवा तुरुंगात गेला, तर हजार माणसे एका दिवसात पोरकी होतात.

यावरचा उपाय नेत्याने स्वतःहून करायचा असतो, कारण त्याला तो करायला भाग पाडणारे कोणी नसते. वाटाघाटींच्या प्रत्येक फेरीला तो एक नवा माणूस बरोबर नेतो, त्यात तरुण मुली आणि कंत्राटी कामगारही असतात. फायली कोठे आहेत आणि कशा लावल्या आहेत हे चार जणांना माहीत असते. ज्या तरुणाने सभेत त्याच्यावर टीका केली, त्यालाच तो एका विभागाची जबाबदारी देऊन पाहतो. मग एखाद्या दिवशी अंतर्गत चौकशीच्या खोलीत निलंबित कामगाराच्या एका बाजूला नवी प्रतिनिधी बसलेली असते आणि दुसऱ्या बाजूला तो स्वतः. ती एक तारीख विसरते, कागद चाळते, समोरचा अधिकारी अधीर होतो. त्याला ती तारीख पाठ असते. तो गप्प राहतो. तिला कागद सापडतो, आणि ती पुढे बोलू लागते.